विचारले किती वेळा?

बँकेत शिरताना आपण भिंतीवरचे घड्याळ पाहतो आणि दाराशेजारच्या यंत्रातून टोकन काढतो. दोन्ही कृती सारख्याच सहज घडतात, पण त्यांची जात वेगळी आहे. घड्याळ दहा वेळा पाहिले तरी त्याचे काही जात नाही. टोकनाचे बटण दाबले की चिठ्ठी बाहेर येते आणि यंत्राच्या पोटातला आकडा एकाने पुढे सरकतो. एकाच माणसासाठी बटण दोनदा दाबले गेले, तर त्या माणसाचे काही बिघडत नाही; त्याच्या हातात नंबर आलेला असतो. बिघडते ते नंतर. काउंटरवरून एका नंबराचा पुकारा होत राहतो आणि कोणीच उठत नाही. संगणकाच्या भाषेतही काही वाचणे घड्याळ पाहण्यासारखे असते आणि काही टोकन काढण्यासारखे, आणि भाषा तयार करणाऱ्यांना हा फरक सांभाळणे अपेक्षेपेक्षा फार जड गेले आहे.

प्रोग्रामिंगच्या पहिल्या धड्यात व्हेरिएबलला डब्याची उपमा देतात. डब्यावर नावाची चिठ्ठी, आत एक किंमत. झाकण उघडून पाहिले तरी आतली वस्तू जिथल्या तिथे. बहुतेक वेळा ही उपमा पुरते. पण काही भाषांत या डब्यावर राखणदार बसवता येतो. कोणी आत डोकावू लागले की राखणदार त्याला अडवतो, स्वतः कुठूनतरी किंमत आणतो आणि हातात देतो. ती किंमत फाईलमधून आलेली असेल, नेटवर्कवरून आलेली असेल, किंवा त्याच क्षणी हिशेब करून काढलेली असेल. विचारणाऱ्याला राखणदार दिसतसुद्धा नाही. त्याच्या लेखी तो साधा डबाच असतो. माझे म्हणणे असे की, अशा अडवलेल्या व्हेरिएबलांशी भाषा नीट वागते की नाही हे पाहताना अंतिम उत्तर बरोबर आले एवढ्यावर समाधान मानता येत नाही. उत्तर मिळवताना राखणदाराला किती वेळा उठवले, हाही भाषेने दिलेल्या वचनाचाच भाग आहे, आणि तो मोजूनच तपासावा लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पर्ल या भाषेचे आहे. लॅरी वॉल यांनी ती १९८७च्या डिसेंबरात पहिल्यांदा प्रसिद्ध केली. मजकुराच्या लांबलचक फायली चाळाव्यात, त्यातून हवे ते वेचावे, अहवाल तयार करावेत, अशी तिची कामे. १९९४च्या ऑक्टोबरात पर्लची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ‘टाय’ ही सोय आली. टाय म्हणजे बांधणे. व्हेरिएबल एखाद्या ऑब्जेक्टला बांधले की ते वाचताना ‘फेच’ नावाचे फंक्शन चालते आणि त्यात किंमत ठेवताना ‘स्टोअर’ नावाचे. डिस्कवरची माहितीसाठ्याची फाईल प्रोग्राममधल्या साध्या यादीसारखी वापरता यावी, एवढी सोय आधीच्या आवृत्त्यांतही होती. ‘टाय’ने ती हवी तिथे वापरण्याची मुभा दिली. ही कल्पना एकट्या पर्लची नाही. लिनक्सवरच्या बॅश शेलमध्ये ‘रँडम’ नावाचे व्हेरिएबल दर वाचनाला ० ते ३२७६७ यांमधला नवा आकडा देते आणि ‘सेकंड्स’ नावाचे व्हेरिएबल शेल सुरू होऊन किती सेकंद झाले ते सांगते. टीसीएल भाषेत व्हेरिएबलवर ‘ट्रेस’ लावता येतो. जावास्क्रिप्टमध्ये २०१५पासून ‘प्रॉक्सी’ आहे आणि तिच्यातून ऑब्जेक्टवरच्या तेरा प्रकारच्या क्रिया अडवता येतात. अनेक वेबसाइट ज्या व्ह्यू नावाच्या चौकटीवर उभ्या आहेत, तिची तिसरी आवृत्ती हीच प्रॉक्सी वापरते: एखादी किंमत कोणी वाचली याची नोंद ठेवायची आणि ती बदलली की पडद्यावरचा तेवढाच भाग नव्याने काढायचा.

आता भाषेच्या आत काय चालते ते पाहू. बेरीज, तुलना, अक्षरे जोडणे, शोधणे, अशा प्रत्येक ऑपरेटरमागे पर्लच्या पोटात सी भाषेत लिहिलेला एकेक तुकडा असतो. त्या तुकड्याला किंमत एकापेक्षा जास्त वेळा लागू शकते. ही संख्या आहे की मजकूर, हे आधी पाहायचे. मग संख्या पूर्णांकी आहे की दशांशी, ते पाहायचे. आणि शेवटी ती प्रत्यक्ष घ्यायची. साध्या डब्याच्या बाबतीत हे तिन्ही वेळा डोकावणे फुकटचे असते, म्हणून लिहिणाऱ्याच्या मनात त्याची खंत नसते. बांधलेल्या व्हेरिएबलला मात्र पर्लच्या अंतर्भागात ‘मॅजिक’ म्हणतात आणि अशा व्हेरिएबलपुढे आल्यावर त्या तुकड्याने राखणदाराला नेमके एकदा उठवायचे, त्याने दिलेली किंमत जपून ठेवायची आणि पुढची सगळी पाहणी त्या प्रतीवर करायची, असा शिरस्ता आहे. शिरस्ता सांगायला एका ओळीचा आहे. पाळायचा मात्र शेकडो ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेल्या तुकड्यांत.

तो मोडतो दोन तऱ्हांनी. एक तर राखणदाराला गरजेपेक्षा जास्त वेळा उठवले जाते. किंवा त्याला उठवायचेच राहून जाते, आणि मागच्या खेपेला त्याने दिलेली किंमत व्हेरिएबलमध्ये पडून असते तीच ताजी समजून वापरली जाते. दुसरा दोष अधिक फसवा आहे, कारण शिळी किंमत बऱ्याचदा ताज्या किमतीइतकीच असते आणि सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसते. हे केवळ तर्काने रचलेले दोष नाहीत. मे २०११मध्ये आलेल्या पर्ल ५.१४च्या बदलनोंदींत दोन्ही तऱ्हांच्या दुरुस्त्या शेजारीशेजारी नोंदल्या आहेत. बांधलेल्या व्हेरिएबलमध्ये फंक्शन ठेवून ते बोलावले, तर फेच प्रत्येक वेळी चालेलच असे नव्हते. उलट फाईल आहे का, वाचता येते का, असे तपासणारे ऑपरेटर आणि एका अक्षराच्या जागी दुसरे बसवणारा ऑपरेटर फेचला प्रमाणाबाहेर हाका मारत होते. ‘टाय’ येऊन तेव्हा सोळा वर्षे उलटली होती. या काळात भाषा जगभर वापरली गेली, तिच्या चाचण्यांची संख्या वाढत गेली, आणि तरीही हे दोष टिकले. माझ्या मते त्याचे कारण उघड आहे: चाचण्या उत्तर तपासत होत्या, आणि उत्तर बरोबर येत होते.

म्हणून वेगळ्या चाचणीची गरज पडली. पर्लच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये एक फाईल फक्त फेचची मोजदाद करण्यासाठी आहे. तिची बांधणी साधी आणि सुंदर आहे. एक व्हेरिएबल बांधायचे. त्याच्या फेचमध्ये एका मोजणीच्या आकड्यात एक मिळवायचा आणि ठेवलेली किंमत परत द्यायची. मग भाषेतला एकेक ऑपरेटर घ्यायचा, त्या व्हेरिएबलवर एकदा चालवायचा आणि मोजणीचा आकडा पाहायचा. नेमून दिल्याइतका असेल तर पास. मोजणी पुन्हा शून्यावर आणायची आणि पुढचा ऑपरेटर. किंमत देणे, ऋण चिन्ह लावणे, एकाने वाढवणे, बेरीज-गुणाकार, संख्यांची तुलना, मजकुराची तुलना, बिटांचे ऑपरेटर, फाईल-तपासणी, अशी ही यादी लांबतच जाते. इथे ऑपरेटरने काय उत्तर दिले याला जवळजवळ महत्त्व नसते. दुकानदाराने माल नीट दिला का ते न पाहता तो गोदामात किती खेपा घालतो ते मोजावे, तसे हे.

पण निव्वळ मोजणीलाही एक आंधळी बाजू आहे, आणि या विषयातली खरी गंमत तिथे सुरू होते. एकच बांधलेले व्हेरिएबल ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंना असले तर? त्याचा त्याच्याशीच गुणाकार, त्यातून तेच वजा, त्याचाच तेवढा घात. नियमाप्रमाणे ते दोनदा लिहिले आहे, तेव्हा राखणदार दोनदा उठायला हवा आणि डाव्या बाजूला पहिली किंमत, उजव्या बाजूला दुसरी किंमत जायला हवी. पण पर्लच्या अंतर्भागात दोन्ही बाजू एकाच डब्याकडे बोट दाखवत असतात. पहिल्या खेपेची किंमत डब्यात ठेवली आणि तिची प्रत काढून घेण्याआधी दुसरी खेप झाली, तर पहिली किंमत पुसली जाते. मोजणी दोन भरते, चाचणी पास होते आणि उत्तर चुकते. हे पकडायचे तर राखणदाराने दर वेळी वेगळे उत्तर द्यायला हवे. पहिल्यांदा विचारले तर २, दुसऱ्यांदा विचारले तर ३. आता घात काढा. सगळे नीट चालले असेल तर दोनाचा तिसरा घात, म्हणजे ८ येईल. पहिलीच किंमत दोन्हीकडे वापरली गेली असेल तर दोनाचा दुसरा घात, ४. दुसरी किंमत दोन्हीकडे गेली असेल तर तिनाचा तिसरा घात, २७. आणि बाजूंची अदलाबदल झाली असेल तर तिनाचा दुसरा घात, ९. चार शक्यता, चार वेगळी उत्तरे. उत्तराकडे पाहूनच दोषाची जात ओळखता येते. हीच परीक्षा गुणाकाराने घेतली तर अदलाबदल झाली तरी ६ आणि न झाली तरी ६, म्हणजे एक दोष निसटतो. वजाबाकीत अदलाबदल लगेच उघडी पडते, पण एकच किंमत दोनदा वापरली गेली असेल तर ती कोणती होती ते कळत नाही, कारण दोन्ही वेळा उत्तर शून्यच. चाचणीसाठी आकडे आणि क्रिया निवडणे हे केवढे विचाराचे काम आहे, हे एवढ्याशा उदाहरणात दिसते. जे व्हेरिएबल नेहमी तेच उत्तर देते, ते भाषेचा एकही असा दोष उघड करू शकत नाही. साक्ष फिरवणारे व्हेरिएबलच इथे खरा साक्षीदार ठरते.

कधीकधी अपेक्षित आकडा शून्य असतो, आणि त्याचीही चाचणी हवी. ‘हे असेल आणि ते असेल तर’ अशा अटीत पहिली बाजूच खोटी ठरली तर दुसरी बाजू तपासायची नाही, असा नियम आहे. दुसऱ्या बाजूला बांधलेले व्हेरिएबल असेल तर तिथे राखणदाराने जागेवरून हलता कामा नये.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे अडगळीतले काम आहे: ‘टाय’ मुळात थोडे लोक वापरतात आणि त्यातही मोजणीने फरक पडणारे आणखी थोडे. या आक्षेपाचे उत्तर पर्लच्या बाहेर जाऊन दिले पाहिजे, कारण हा प्रश्न पर्लपुरता नाही. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणात ‘व्होलटाइल’ हा शब्द आहे. व्हेरिएबलला तो लावला की कंपायलरला बजावलेले असते: लिहिल्याइतक्याच वेळा वाच, एकही वाचन गाळू नको, एकही वाढवू नको. कारण अशा व्हेरिएबलमागे बहुधा एखादे उपकरण असते. सिरियल पोर्टच्या चिपमधला आलेला बाइट वाचला की तो तिथून निघून जातो आणि त्याच्या मागचा पुढे येतो. तिथे एक वाचन जास्त होणे म्हणजे एक बाइट गमावणे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या एरिक आईड आणि जॉन रेगर यांनी २००८मध्ये उत्पादनात वापरले जाणारे तेरा सी कंपायलर तपासले. पद्धत हीच: प्रोग्राम चालवायचे आणि व्होलटाइल व्हेरिएबले किती वेळा वाचली-लिहिली गेली ते मोजून ताडून पाहायचे. तेराच्या तेरा कंपायलरांत चुका सापडल्या. ज्या कंपायलरांवर यंत्रांचे नियंत्रण सोपवलेले असते त्यांची ही स्थिती होती, आणि मोजणी केल्याशिवाय ती उजेडात आली नसती. अडगळ म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्यांनी या एका निष्कर्षाकडे तरी नीट पाहावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो असा की दोष भाषेचा नसून असे व्हेरिएबल लिहिणाऱ्याचा आहे. वाचण्याने काही बदलता कामा नये, हा चांगल्या प्रोग्रामिंगचा नियमच आहे, आणि तो मोडणाऱ्याने परिणाम भोगावेत. नियम चांगला आहे हे मी मान्य करतो. पण एकदा अडवण्याची सोय दिली की वाचनाच्या वेळी काय घडावे याचा अधिकार भाषेने प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे सोपवलेला असतो, आणि बाहेरच्या जगातून येणारी किंमत तर कोणी न बदलताही बदलते. शिवाय प्रत्येक प्रोग्राम लिहिणारा सज्जन असतो असेही नाही. किंमत आधी तपासायची आणि मग वापरायची, हा सुरक्षेचा सर्वांत जुना क्रम. तपासताना एकदा वाचले आणि वापरताना पुन्हा वाचले, तर मधल्या क्षणात किंमत बदलणाऱ्याला दार उघडे मिळते. मातेउश युर्चिक आणि गिनवाएल कोल्डविंड या गूगलच्या दोघा संशोधकांनी २०१३मध्ये विंडोजच्या गाभ्यात असेच अनेक दोष शोधून काढले. त्यासाठी त्यांनी विंडोज एका एमुलेटरमध्ये चालवले आणि गाभ्याकडून होणारी स्मृतीची वाचने नोंदवली. एकच जागा थोड्या वेळात दोनदा वाचली गेली की तिथे संशयाची खूण. इथेही दोष सापडला तो उत्तरांकडे पाहून नव्हे, वाचने मोजून. जावास्क्रिप्टचा अनुभव याच्याच जवळचा. ॲपलच्या सफारीमागच्या इंजिनात २०१६मध्ये एक गंभीर दोष उघडकीला आला. यादीचा तुकडा कापून देणारे फंक्शन यादीची लांबी आधी पाहून ठेवत होते. मग कुठवर कापायचे तो आकडा मिळवताना वापरणाऱ्याचे फंक्शन चालत होते, आणि ते फंक्शन मधल्यामध्ये यादी आखूड करू शकत होते. परत आल्यावर इंजिन जुन्याच लांबीवर विसंबून यादीबाहेरची स्मृती वाचायला निघत असे. भाषेच्या एका साध्या क्रियेच्या मधोमध परक्याचे फंक्शन कधी आणि किती वेळा चालू शकते, याचा हिशेब चुकला की काय होते ते इथे दिसते. वापरणाऱ्याला बोल लावून हा दोष मिटत नाही.

तिसरा आक्षेप भाषा घडवणाऱ्यांकडूनच येतो आणि त्याला मी पूर्ण खोडून काढू शकत नाही. मोजणी चाचणीत कोरून ठेवली की भाषेचे अंतरंग बदलायची मोकळीक जाते, असे ते म्हणतात. उद्या कोणी वेगवान पद्धत शोधली आणि तिच्यात एक वाचन कमी लागले, तर चाचणी तिलाच नापास करेल. जावास्क्रिप्टने या पेचात एक बाजू ठामपणे घेतली आहे. तिच्या प्रमाणग्रंथात प्रत्येक क्रिया पायरीपायरीने लिहिलेली असते, आणि टेस्ट-२६२ या अधिकृत चाचणीसंचात प्रॉक्सीसारख्या राखणदारांकडून वाचनांची यादी क्रमाने नोंदवून ती अपेक्षित यादीशी जुळवली जाते. यादीत एखादी किंमत आहे का ते सांगणाऱ्या फंक्शनने आधी लांबी वाचावी, मग शून्याव्या जागेपासून एकेक जागा, आणि किंमत सापडताच थांबावे, एक पाऊलही पुढे जाऊ नये. पण त्याच प्रमाणग्रंथाने यादीची क्रमवारी लावताना तुलना किती वेळा आणि कोणत्या क्रमाने व्हावी हे जाणूनबुजून मोकळे सोडले आहे, कारण क्रमवारीच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांतली निवड इंजिनावर सोडणेच शहाणपणाचे. म्हणजे सगळीकडे मोजावे असा आग्रह नाही. कुठे मोजणी बांधील आहे आणि कुठे नाही, हे आधी ठरवावे आणि सांगून टाकावे. साध्या डब्यांच्या बाबतीत तर वेगासाठी हवी ती काटछाट करायला कोणाची आडकाठी नसतेच; बंधन येते ते राखणदार बसलेला असेल तेव्हाच. पर्लला असा प्रमाणग्रंथ नाही. तिथे कागदपत्रे आणि चाचण्या हेच प्रमाण, म्हणून तिथल्या मोजणीच्या फाईलला जास्तच किंमत आहे: तिच्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुठेतरी एकदा ठरवलेली आणि सर्वांना वाचता येणारी अट.

मोकळीक ठेवायची पण लपवायची नाही, हे कसे करता येते त्याचा एक नमुना पर्लमध्येच आहे. जून २०२०मध्ये आलेल्या ५.३२ या आवृत्तीपासून तुलनांची साखळी लिहिता येते: अठरा लहान वयाहून, आणि वय लहान साठाहून, असे एका दमात. मधले पद एकदाच लिहिलेले असते आणि ते काढायचेही एकदाच, असा नियम आहे. पण त्या जागी बांधलेले व्हेरिएबल थेट ठेवले तर दोन तुलना त्याला एकेकदा, म्हणजे एकूण दोनदा विचारू शकतात आणि दोन वेगळी वये त्यांच्या हाती येऊ शकतात. पर्लची कागदपत्रे हे झाकत नाहीत. ती सरळ बजावतात की असे होऊ शकते, आणि ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी उपायही सोपा आहे: मधल्या व्हेरिएबलमध्ये शून्य मिळवा. बेरीज करताना राखणदार एकदा उठतो, बेरजेचे उत्तर साध्या डब्यात पडते, आणि त्या डब्यात दोन्ही तुलनांनी हवे तितक्या वेळा डोकावावे.